कतार आफ्रिकेत मध्यस्थी का करतो, आणि सहीनंतर हाती काय राहतं

प्रश्न असा आहे: "कतार केवढा, तर आपल्या सातारा जिल्ह्याहून जेमतेम मोठा. त्याने दार्फुर, चाड, काँगो इथल्या भांडणांत का पडावं? हे सगळं गॅसच्या पैशावर चालतं का? आणि त्यातून तिथल्या माणसांच्या पदरात काही पडतं का?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरं लवकर देता येतील. तिसऱ्यापाशी मला थांबायचंय, कारण माझं काम तिथलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांत नागरी व्यवहार अधिकारी म्हणून मी नोकरी केली, त्यातली काही वर्षं सुदानच्या पश्चिमेकडच्या दार्फुरमध्ये गेली. कतारच्या राजधानीत, दोहामध्ये सही झालेला कागद निर्वासितांच्या छावणीत न्यायचा, वाचून दाखवायचा आणि समोरून जे प्रश्न येतील त्यांना तोंड द्यायचं, हे आमच्या वाट्याला आलेलं काम. त्यामुळे करारांकडे मी त्या टोकाकडून बघते.

आधी 'का' ते सांगते. नकाशा उघडा. एका अंगाला सौदी अरेबिया, समुद्रापलीकडे इराण, आणि नैसर्गिक वायूचं जगातलं सर्वांत मोठं क्षेत्र याच इराणबरोबर वाटून घेतलेलं. देशाचे नागरिक फक्त काही लाख; बाकी वस्ती कामासाठी बाहेरून आलेल्यांची, त्यात आपली मराठी माणसंही आहेत. असा देश स्वतःच्या फौजेच्या बळावर निर्धास्त राहू शकत नाही. १९९५ मध्ये शेख हमद सत्तेवर आले आणि त्यांनी दोन गोष्टी एकदम केल्या. अमेरिकेला अल उदैदचा हवाई तळ दिला, आणि ज्यांच्याशी इतर कोणी बोलत नाही त्यांच्याशीही बोलणं चालू ठेवलं. २००३ मध्ये सार्वमताने मंजूर झालेल्या कतारच्या राज्यघटनेत सातवं कलम आहे. आंतरराष्ट्रीय तंटे शांततेच्या मार्गाने सोडवण्याला उत्तेजन देणं हा परराष्ट्र धोरणाचा पाया, असं त्यात लिहिलेलं आहे. मध्यस्थी ही तिथे हौस म्हणून होत नाही. तो संरक्षणाचाच एक भाग आहे: ज्याच्या घरात सगळ्यांची बोलणी चालतात, त्याच्यावर हात टाकण्याआधी सगळेच विचार करतात.

आफ्रिकाच का, याला दुसरं कारण आहे आणि ते आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. आफ्रिकेतल्या बहुतेक युद्धांत शेजारी देश स्वतःच एक पक्ष असतात. दार्फुरच्या बंडखोरांना चाडचा आसरा होता आणि चाडच्या बंडखोरांना सुदानचा. मग चाडने दार्फुरचा न्याय कसा करावा? पूर्व काँगोत रवांडा, युगांडा, बुरुंडी या सगळ्यांच्या फौजा कधी ना कधी गेलेल्या आहेत. जुने वसाहतवाले, म्हणजे चाडमध्ये फ्रान्स, काँगोत बेल्जियम, यांच्यावरचा राग अजून ताजा आहे. कतारच्या गळ्यात हे जुनं लोढणं नाही. सुदान, चाड, जिबूतीत अरबी चालते, त्यामुळे दुभाष्याशिवाय रात्री उशिरापर्यंत गप्पा होऊ शकतात. ही गोष्ट छोटी वाटेल, पण वाटाघाटीतले खरे पेच मुख्य सभागृहात सुटताना मी क्वचित ऐकलेत.

कतारचे स्वतःचे हितसंबंध आहेतच. रवांडाच्या बुगेसेरा विमानतळात ६० टक्के हिस्सा घेण्याचा करार कतार एअरवेजने २०१९ मध्ये केला. मध्यस्थाचा स्वार्थ असू नये, असं मी म्हणत नाही. निःस्वार्थी मध्यस्थ मी पाहिलेला नाही. तो स्वार्थ दोन्ही बाजूंना दिसत असला आणि शांतता झाली तर त्याचाही फायदा होणार असला, की पुरे.

आता पैसा. पैसा लागतोच. पण तो सह्या विकत घेण्यासाठी वापरला जातो हा समज अर्धवट आहे. पैशाने मुख्यतः वेळ मिळतो. चाडचं सरकार आणि बंडखोर गट यांची दोहामधली बोलणी मार्च २०२२ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्टपर्यंत चालली. पाच महिने पन्नासच्या आसपास गटांची माणसं एका शहरात ठेवायची, त्यांची राहणी-जेवण, विमानाची तिकिटं, दवापाणी बघायचं, आणि 'आता आटपा' असं म्हणायचं नाही. सरकारी मंडळी आणि बंडखोर समोरासमोर बसायला तयार नव्हते, म्हणून कतारी अधिकारी या खोलीतून त्या खोलीत निरोप नेत होते. आफ्रिकी महासंघाच्या किंवा संयुक्त राष्ट्रांच्या तिजोरीतून असा खर्च महिनोन्‌महिने मंजूर करून घेणं काय असतं, ते आम्हा लोकांना माहीत आहे. दर तिमाहीला हिशेब, दर तिमाहीला 'प्रगती दाखवा'. कतारमध्ये अमीरांनी ठरवलं की ठरलं. या सैलपणाचा तोटाही आहे. दारात गेलं की मान मिळतो, हे कळलं की मूठभर माणसांचा गटसुद्धा स्वतःला 'आघाडी' म्हणवून घेतो आणि रांगेत उभा राहतो. ज्यांच्या हातात खरंच बंदुका आहेत आणि ज्यांच्या हातात फक्त लेटरहेड आहे, त्यांच्यातला फरक हळूहळू पुसला जातो.

आता दार्फुर. २००३ मध्ये तिथे बंड पेटलं आणि खार्तुमच्या, म्हणजे सुदानच्या सरकारने ते चिरडायला जंजावीद टोळ्या सोडल्या. लाखो लोक गावं सोडून छावण्यांत आले. २००६ मध्ये नायजेरियातल्या अबुजात करार झाला, पण बंडखोरांपैकी सही केली ती मिन्नी मिन्नावींच्या एकट्या गटाने. त्यातून छावण्यांमध्ये शांतता आली नाही, उलट सही करणारे आणि न करणारे असे दोन तट पडले. या पार्श्वभूमीवर २००८ मध्ये अरब लीगने कतारकडे काम सोपवलं. आफ्रिकी महासंघ आणि संयुक्त राष्ट्रांचे संयुक्त मध्यस्थ म्हणून बुर्किना फासोचे जिब्रील बासोले होते. कतारकडून परराष्ट्र राज्यमंत्री अहमद बिन अब्दुल्ला अल महमूद. हा माणूस अडीच वर्षं याच एका विषयाला चिकटून राहिला. त्या काळात दार्फुरसाठी एवढं सातत्य दुसऱ्या कोणत्याही राजधानीने दाखवलं नाही, हे मी आजही मोकळेपणाने सांगेन.

तरीही दोहाची बातमी छावणीत पोचली तेव्हा काय झालं ते बघा. जुलै २०१० मध्ये न्याला शहराजवळच्या कल्मा छावणीत दोहाच्या बोलण्यांना पाठिंबा देणारे आणि बंडखोर नेते अब्दुल वाहिद नूर यांचे समर्थक एकमेकांवर तुटून पडले. माणसं मेली. अब्दुल वाहिद पॅरिसमध्ये बसून दोहाला नकार देत होते आणि कल्मात त्यांचा शब्द चालत होता. ज्या बोलण्यांतून शांतता यायची, त्याच बोलण्यांवरून छावणीतल्या झोपड्या पेटल्या. हजारो किलोमीटरवर कोण कोणाशी बोलतंय याचे पडसाद इथे लाठ्या-काठ्यांत उमटतात, हा धडा आम्ही तेव्हा घेतला.

१४ जुलै २०११ रोजी 'दार्फुर शांततेसाठी दोहा दस्तऐवज' यावर सुदान सरकार आणि तिजानी सिसी यांच्या लिबरेशन अँड जस्टिस मूव्हमेंटने सह्या केल्या. मी तो दस्तऐवज कलम-न्-कलम वाचलाय, कारण तो समजावून सांगायची वेळ आमच्यावर होती. तो चांगला मसुदा होता. विस्थापितांचं परतणं, जमिनीचे हक्क, नुकसानभरपाई, न्याय, दार्फुरसाठी प्रादेशिक प्राधिकरण, सगळं त्यात होतं, आणि छावण्यांतल्या व महिला संघटनांच्या प्रतिनिधींना दोहाला बोलावून त्यांचं ऐकूनही घेतलं होतं. अडचण मजकुरात नव्हती. सही करणाऱ्या गटाकडे फौज नगण्य होती. लढणारे तिघेही, अब्दुल वाहिद, मिन्नावी आणि खलील इब्राहिम यांची जेईएम (जस्टिस अँड इक्वॉलिटी मूव्हमेंट), बाहेर राहिले.

कल्मातल्या एका बैठकीतला प्रसंग सांगते. आमच्याबरोबर एक सुदानी सहकारी होता, पुण्यात कॉलेज केलेला. मी 'काय रे' म्हटलं की तो 'काही नाही' असं मराठीत उत्तर द्यायचा. तो अरबीत कलमं वाचून दाखवत होता. परतण्याचं कलम झालं. मागे बसलेली एक बाई उठली आणि तिने विचारलं, "आमच्या शेतावर आता जो बसलाय, त्याला उठवणार कोण?" सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. दस्तऐवजात याचं उत्तर होतं: जमीन आयोग. पण तिने कोणता आयोग ते विचारलं नव्हतं. उठवणार कोण, म्हणजे कुठला माणूस, कुठल्या बळावर, एवढंच तिला हवं होतं. आमच्याकडे ते नव्हतं. कतारकडेही नव्हतं.

कतारने हात झटकले असं मात्र म्हणता येणार नाही. अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं आणि त्याच्या बैठका वर्षानुवर्षं होत राहिल्या. एप्रिल २०१३ मध्ये दोहाला देणगीदार देशांची परिषद भरवून त्यांनी स्वतः ५० कोटी डॉलर जाहीर केले. परतणाऱ्यांसाठी शाळा, दवाखाना, पोलीस ठाणं असलेली गावं बांधली. त्याच महिन्यात जेईएममधून फुटलेल्या मोहम्मद बशर यांच्या गटाने दोहामध्ये करार केला. मे महिन्यात चाडच्या सीमेजवळ त्यांना त्यांच्याच जुन्या सहकाऱ्यांनी गाठून मारलं. आणि त्याच २०१३ मध्ये खार्तुमने जंजावीदांना गणवेश देऊन नवं दल उभं केलं, त्याचं नाव रॅपिड सपोर्ट फोर्सेस, म्हणजे आरएसएफ. एकीकडे दोहाला पुनर्बांधणीचे आकडे मांडले जात होते, दुसरीकडे गावं जाळणाऱ्यांना सरकारी पगार सुरू होत होता. करारावर सही केलेलं सरकार तेच होतं. तेव्हा कतारने आवाज चढवायला हवा होता, असं माझं मत आहे. यजमान म्हणून ज्याच्याशी संबंध टिकवायचे त्याला दमात घेता येत नाही, ही त्यांची मर्यादा तिथे उघडी पडली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे: एप्रिल २०२३ मध्ये लष्कर आणि आरएसएफ यांच्यात युद्ध पेटलं, एप्रिल २०२५ मध्ये दार्फुरमधल्या झमझम छावणीवर हल्ला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दीड वर्षाच्या वेढ्यानंतर तिथलं अल फाशेर शहर आरएसएफच्या हाती गेलं. आज सुदानच्या बोलण्यांत अमेरिकेबरोबर सौदी अरेबिया, इजिप्त आणि संयुक्त अरब अमिराती आहेत, कतार नाही. आरएसएफला शस्त्रं पुरवल्याचा आरोप सुदान अमिरातीवर करतो, अमिराती तो नाकारते. म्हणजे 'आखाती देश' हा एकच एक पक्ष नाही, हेही लक्षात असू द्या.

कतारच्या मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसतात त्या दुमेरामध्ये. हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. लाल समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीच्या वर, जिबूती आणि एरिट्रियाच्या सीमेवर रास दुमेरा नावाचा डोंगर आणि त्यासमोर बेट आहे. जून २००८ मध्ये दोन्ही सैन्यांत तिथे लढाई झाली. सुरक्षा परिषदेने ठराव केले, २००९ च्या अखेरीस एरिट्रियावर निर्बंध लादले, तरी एरिट्रिया हलेना. जून २०१० मध्ये कतारने करार घडवला आणि वादाच्या पट्ट्यात स्वतःचे सैनिक आणून बसवले. मध्यस्थानेच आपली फौज मधोमध उभी करायची, हे धाडस मोठे देशही सहसा करत नाहीत. त्या उघड्या, तापलेल्या डोंगरावर ते सैनिक सात वर्षं राहिले. सात वर्षांत लढाई झाली नाही. मार्च २०१६ मध्ये कतारच्या खटपटीने एरिट्रियाने जिबूतीचे चार युद्धकैदी सोडले.

आणि मग जून २०१७ मध्ये सौदी, अमिराती, बहारीन आणि इजिप्तने कतारची कोंडी केली. जिबूतीने कतारशी राजनैतिक संबंधांचा दर्जा घटवला, एरिट्रियाही सौदीच्या बाजूला गेला. ज्या दोघांच्या मध्ये कतारचे सैनिक उभे होते, ते दोघेही एका झटक्यात कतारच्या विरोधकांच्या रांगेत. काही दिवसांत कतारने सैन्य काढून घेतलं. एरिट्रियाचे सैनिक लगेच त्या डोंगरावर चढले, अशी तक्रार जिबूतीचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री महमूद अली युसूफ यांनी केली. हेच युसूफ आता आफ्रिकी महासंघ आयोगाचे अध्यक्ष आहेत, आणि बाहेरच्याच्या भरवशावर राहण्याची किंमत त्यांना शिकवावी लागणार नाही. त्या वेळी सैन्य काढल्याबद्दल कतारला बोल लावणारे बरेच होते. मला ते पटत नाही. दोन्ही बाजू विरोधकांच्या रांगेत गेल्यावर थांबायचं कसं? चूक आधी झाली होती: सात वर्षं शांत होती, तेवढ्यात सीमा आखण्याचं काम आफ्रिकी महासंघाला जोडून घेऊन पुरं करायला हवं होतं. सैनिक उभे आहेत म्हणून कोणालाच घाई नव्हती.

त्याच कोंडीत चाडने कतारचा दूतावास बंद करायला लावला. कारण दिलं ते लिबियामार्गे चाडला अस्थिर केल्याचं; रोख होता तिमान एर्दिमींवर. चाडचे राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबी यांचा हा पुतण्या त्यांच्याविरुद्ध बंड करून दोहात राहत होता. पुढे देबी २०२१ मध्ये आघाडीवर मारले गेले, मुलगा महामत सत्तेवर आला, आणि तेच एर्दिमी ८ ऑगस्ट २०२२ च्या दोहा करारानंतर मायदेशी परतले. विरोधकाला घरात ठेवल्याची आधी शिक्षा मिळाली, नंतर तीच ओळख कामी आली. करारावर ४० हून अधिक गटांनी सह्या केल्या. ज्या गटाशी लढताना देबी गेले त्या 'फॅक्ट' नावाच्या गटाने केली नाही. आणि सह्यांना तीन महिने होत नाहीत तोच राजधानीतल्या निदर्शकांवर गोळ्या चालल्या. बंडखोर आणि सरकार यांचं जुळलं म्हणजे सरकार आणि जनता यांचं जुळलं, असं नसतं.

आता चालू असलेला विषय, पूर्व काँगो. इथे आपलेही धागे आहेत: तिथल्या गोमा शहरात भारतीय सैनिक कित्येक वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली आहेत, पुढे सरसेनाध्यक्ष झालेल्या बिपिन रावत यांनी उत्तर किवू प्रांतातल्या ब्रिगेडचं नेतृत्व केलं होतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ या बंडखोर गटाने गोमा घेतलं तेव्हाही भारतीय लष्कराचं रुग्णालय तिथे चालू होतं.

एम-२३ हे नावच एका कराराचं आहे. २३ मार्च २००९ रोजी काँगो सरकारने एका बंडखोर संघटनेशी करार केला. तो पाळला नाही असं म्हणत २०१२ मध्ये तिच्यातल्याच सैनिकांनी पुन्हा बंड केलं आणि ती तारीख नाव म्हणून घेतली. २०१३ मध्ये हरले, नैरोबीत कागद झाले, तेही अर्धवट राहिले, २०२१ च्या अखेरीस पुन्हा उठले. रवांडाचा त्यांना पाठिंबा असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी वारंवार नोंदवलंय. रवांडा ते मान्य करत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बुकावू हे शहरही एम-२३च्या हाती पडलं. अंगोलाने आफ्रिकी महासंघाच्या वतीने महिनोन्‌महिने केलेली मध्यस्थी अडकली होती. १८ मार्चला अंगोलाच्या राजधानीत, लुआंडात काँगो सरकार आणि एम-२३ समोरासमोर बसायचे होते; एम-२३ने आदल्या दिवशी माघार घेतली. आणि नेमक्या १८ तारखेला काँगोचे राष्ट्राध्यक्ष त्शिसेकेदी आणि रवांडाचे राष्ट्राध्यक्ष कागामे दोहाला अमीर शेख तमीम यांच्याबरोबर बसलेले जगाने पाहिले. आठवड्याभरात अंगोला मध्यस्थीतून बाहेर पडला. कतारने इथे आफ्रिकी महासंघाला दुखवलं, हे खरं आहे. पण जे दोघे समोरासमोर बसायला तयार नव्हते ते बसले, हेही खरं आहे. मी अंगोलाच्या जागी असते तर मलाही लागलं असतं, आणि तरीही मी ती भेट होऊ दिली असती.

१९ जुलै २०२५ रोजी दोहामध्ये काँगो सरकार आणि एम-२३ यांनी तत्त्वांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यात देशभर 'राज्यसत्ता पुनःस्थापित' करण्याचं वाक्य आहे. किन्शासाने (काँगो सरकारने) लगेच सांगितलं, म्हणजे एम-२३ने शहरं सोडायची. एम-२३ने सांगितलं, आम्ही कुठूनही मागे हटणार नाही. एकाच वाक्याचे दोन अर्थ लावून दोघे बाहेर पडले. बाहेरून बघणाऱ्यांना ही फसवणूक वाटते. आमच्या कामात अशी वाक्यं मुद्दाम ठेवतात, बोलणी पुढे चालावीत म्हणून. मात्र नंतर कोणीतरी बसून त्या वाक्याचा गुंता सोडवावा लागतो. १८ ऑगस्टची अंतिम कराराची मुदत टळली. सप्टेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीची यंत्रणा रेडक्रॉसला मध्ये घेऊन ठरली, ऑक्टोबरमध्ये शस्त्रसंधीची पडताळणी, १५ नोव्हेंबरला आठ प्रोटोकॉलांचा (उपकरारांचा) आराखडा. ४ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये काँगो आणि रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांनी आपसातल्या करारावर सह्या केल्या, आणि त्याच आठवड्याभरात एम-२३ बुरुंडीच्या सीमेवरच्या उविरा शहरात शिरलं. दबाव आल्यावर माघार जाहीर केली.

दोहाची पद्धत आता बदललेली दिसते, आणि ती मला दार्फुरपेक्षा बरी वाटते. एकच जाडजूड दस्तऐवज करून समारंभ करण्याऐवजी तुकडे पाडलेत: आधी कैदी, मग पडताळणी, मग मदतीची वाट. लढणारा मुख्य गट टेबलावर आहे. अमेरिका जोडीला आहे, म्हणजे कतारला जो दम देता येत नाही तो देणारं कोणी आहे. टोगोचे फोर ग्नासिंग्बे आफ्रिकी महासंघाच्या वतीने आहेत. यातून काही निघेल की नाही हे बघायचं असेल, तर छायाचित्रांतल्या हस्तांदोलनांपेक्षा दोन गोष्टींवर डोळा ठेवा. ठरलेले कैदी खरंच सुटतात का, आणि गोमा पडल्यापासून बंद असलेला तिथला विमानतळ मदतीच्या विमानांना उघडतो का. पहिल्याची गती फार मंद आहे.

आठ प्रोटोकॉलांपैकी एक विस्थापितांच्या आणि निर्वासितांच्या परतण्याचा आहे. उत्तर किवूतल्या मासिसी आणि रुत्शुरूमध्ये जमीन सुपीक आहे आणि एकेका तुकड्यावर दोन-तीन घरांचा दावा आहे: पळून गेलेल्यांचा, नंतर येऊन नांगर धरलेल्यांचा, आणि तीस वर्षांपूर्वी रवांडात आश्रयाला गेलेल्या तुत्सी कुटुंबांचा. कल्मातल्या त्या बाईने विचारलेलं कोणीतरी तिथेही विचारणारच आहे. दोहामध्ये त्या प्रोटोकॉलचा मसुदा जे लिहितील, त्यांनी 'जमीन आयोग' या शब्दांपाशी थांबू नये. आयोगाच्या निकालानंतर त्या शेतावर कोण जाणार, कोणाच्या गाडीतून, आणि तिथे किती महिने राहणार, हे त्याच कागदावर लिहावं.